फ्रान्सेस कॉल्किन्स : गावाचा इतिहास लिहिणाऱ्या बाई

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वडिलांबरोबर मी तालुक्याला जुना फेरफार उतारा आणायला गेले होते. त्यात पणजोबांचे नाव सापडले. ज्या पणजीने त्यांच्याबरोबर माळ फोडून रान केले, तिचे नाव मात्र कुठेच नव्हते. घरी येऊन आजीला विचारले, तर ती म्हणाली, "सासूचं नाव कोण घेतंय? आम्ही आत्याबाईच म्हणायचो." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. राजघराण्यांच्या सनावळ्या मला पाठ आहेत, पण पणजीचे नाव ठाऊक नाही, याची त्या दिवशी लाज वाटली.

पुढे ग्रंथालयात वाचन करताना अमेरिकेतील फ्रान्सेस मॅनवेअरिंग कॉल्किन्स यांची ओळख झाली. त्यांचे कार्य माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कनेक्टिकट राज्यात टेम्स नावाच्या नदीच्या मुखाशी न्यू लंडन हे बंदर आहे आणि तेथून सुमारे २० किलोमीटर आत नॉर्विच. बाईंचे बहुतेक आयुष्य या दोन गावांत गेले. त्यांचा जन्म १७९५ मध्ये न्यू लंडनला झाला. जन्मापूर्वीच वडील वारले होते. पुढे आईने दुसरे लग्न केले. १८११ मध्ये नॉर्विचच्या मुलींच्या शाळेत त्यांचे काही शिक्षण झाले. त्याच राज्यातील येल महाविद्यालय १७०१ मध्ये स्थापन झालेले. पण तेथे पदवीच्या वर्गात मुलींना प्रवेश मिळायला १९६९ साल उजाडावे लागले! १८१९ मध्ये सावत्र वडीलही गेले. तेव्हा चरितार्थासाठी बाईंनी १८२० मध्ये नॉर्विचला शाळा काढली. अनेक वर्षे शिकवले, काही वर्षे न्यूयॉर्कमध्ये राहून धार्मिक पुस्तिका लिहिल्या आणि १८४२ मध्ये त्या न्यू लंडनला सावत्र भाऊ हेन्री हेवन यांच्या घरी परतल्या. १८४५ मध्ये त्यांचा 'नॉर्विचचा इतिहास' प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या. १८४९ मध्ये मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने त्यांना सभासद म्हणून निवडले. हा मान मिळवणारी ती पहिलीच स्त्री. १८५२ मध्ये 'न्यू लंडनचा इतिहास' आला.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्यांची कामाची रीत. गावच्या कारकुनाची दप्तरे, जमिनीची खरेदीखते, मृत्युपत्रे, चर्चमधील बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदी हे सारे त्यांनी चाळले. जोशुआ हेम्पस्टेड नावाच्या न्यू लंडनच्या रहिवाशाची १७११ ते १७५८ या काळातील रोजनिशी त्यांनी वापरली. हा गृहस्थ शेती करी, जहाजे बांधी आणि थडग्यांचे दगडही कोरी. ती रोजनिशी १९०१ मध्ये छापली गेली. म्हणजे बाईंनी वाचली ती हस्तलिखितच. याशिवाय दफनभूमीत जाऊन थडग्यांवरील लेख त्यांनी उतरवून घेतले. दगडावरची अक्षरे ऊनपावसाने झिजतात. शिवाय जिच्या नावे जमीन नाही, तिचे नाव खरेदीखतात कोठून येणार? दगडावर मात्र ते कोरलेले असते. ग्रोटन या शेजारच्या गावातील लेखांचे त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९०३ मध्ये निघाले.

गावाचा इतिहास म्हणजे लहान इतिहास, असा आपला समज असतो. तो बरोबर नाही. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील फितूर सेनापती बेनेडिक्ट आर्नोल्ड हा १७४१ मध्ये नॉर्विचलाच जन्मला. ६ सप्टेंबर १७८१ रोजी त्याने इंग्रजांच्या बाजूने येऊन न्यू लंडन जाळले. देशाच्या इतिहासात हे एक प्रकरण आहे. पण या दोन गावांना ती आपल्याच माणसाने लावलेली आग होती.

बाईंच्या कामाला मर्यादाही आहेत. दप्तरे होती गोऱ्या वसाहतवाल्यांची. त्यांच्याआधी त्या भूमीवर मोहेगन लोक राहत होते आणि त्यांच्याकडे कारकून नव्हता. नॉर्विचच्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीचे शीर्षक १६६० च्या वसाहतीपासून सुरू होते. १८६६ च्या वाढवलेल्या आवृत्तीत मात्र ती भूमी इंडियनांच्या ताब्यात होती तेव्हापासूनचा इतिहास असे म्हटले आहे. वीस वर्षांनी का होईना, इतिहासाचा आरंभ मागे नेणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. तरी त्या लोकांची बाजू त्यांच्या तोंडून यायची राहिलीच. ते नष्ट झालेले नाहीत. १९९४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने मोहेगन जमातीला अधिकृत मान्यता दिली.

१८६९ मध्ये बाई न्यू लंडनलाच वारल्या. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे यांनीही गावोगाव हिंडून कागद जमवले आणि १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड काढला. पण ज्यांच्या घरी दप्तरच नव्हते, त्यांनी काय करावे? आमच्याकडे कोरलेला दगडही नाही. आमचे दप्तर म्हणजे आजी. तिच्या ओव्या, तिला ठाऊक असलेली नाती, दुष्काळाच्या आठवणी. हे दप्तर दगडापेक्षा लवकर झिजते.

आपल्यापैकी बरेच जण खेड्यांतून आलेले आहेत. येत्या सुट्टीत प्रत्येकाने एक वही करून घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे व लिहून ठेवावे, अशी माझी विनंती आहे. मी सुरुवात केली आहे. आजीकडून आतापर्यंत एकतीस नावे मिळाली, त्यांतील सतरा बायकांची आहेत. पणजीचे नाव अजून मिळालेले नाही. तिच्या माहेरच्या गावी एक वृद्ध बाई आहेत असे कळते. मे महिन्यात तिकडे जायचे ठरवले आहे.