मज्जातंतू मरतो की मोडून काढला जातो?

ऑगस्टस वॉलर हे लंडनच्या केन्सिंग्टन भागात रुग्ण तपासणारे डॉक्टर. बेडकाची जीभ पातळ असते. ताणून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की आतले तंतू दिसतात. वॉलर यांनी जिभेकडे जाणारी नस कापली आणि पाहत राहिले. मेंदूकडचा तुकडा शाबूत राहिला. जिभेकडच्या तुकड्यात मात्र काही दिवसांतच नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या. १८५० साली रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हे मांडलं. मूळ पेशीकडून येणारं पोषण तुटलं, म्हणून तंतू कुजला, असा अर्थ रूढ झाला आणि जवळजवळ १४० वर्षं तो फारसा कुणाला खटकला नाही.

खटकवलं ते उंदरांनी. ऑक्सफर्डमधल्या संशोधकांना १९८९ मध्ये एका वाणाचे उंदीर असे सापडले, की त्यांची कापलेली नस दोन आठवडे उलटले तरी संदेश वाहून नेत होती! एरवी उंदरात हा खेळ दीड-दोन दिवसांत आटोपतो. उपासमारीनंच मरण येत असेल, तर हे उपाशी तंतू इतके दिवस जगले कसे? उत्तराला २०१२ साल उजाडलं. सार्म-१ हे प्रथिन काढून टाकलं की तुटलेला तंतू टिकतो, हे माश्यांत आणि उंदरांत दिसलं. २०१७ मध्ये त्याची करामत कळली: पेशीच्या ऊर्जाव्यवहाराला लागणारा एनएडी हा रेणू ते स्वतःच फस्त करतं. एरवी सार्म-१ला आवर घालणारं एनएमनॅट-२ हे प्रथिन अल्पायुषी असतं. मूळ पेशीकडून त्याचा पुरवठा सतत व्हावा लागतो. म्हणजे रसद तुटते हे वॉलर यांचं म्हणणं खरंच होतं. फक्त तिच्याअभावी तंतू नुसता उपाशी मरत नाही, स्वतःला संपवतो.

मग येते साफसफाई, आणि माझ्या मते खरी गोम इथे आहे. हातापायांच्या नसांत तंतूंना मायलिनचं स्निग्ध वेष्टण घालणाऱ्या श्वान पेशी आपलंच मायलिन मोडून गिळू लागतात. दोन-तीन दिवसांत रक्तातून भक्षक पेशी मदतीला येतात. काही आठवड्यांत वाट बरीचशी मोकळी होते. श्वान पेशी रांगा धरतात आणि त्यांतून नवा कोंब दिवसाला साधारण एक मिलिमीटर सरकतो. कोपराशी तुटलेली नस बोटांच्या टोकाशी पोचायला वर्षही लागू शकतं. मज्जारज्जूत ही चपळाई नाही. तिथे मायलिनचा कचरा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं पडून राहतो आणि वाढ अडवतो. माँट्रियलमध्ये अल्बर्ट अग्वायो आणि सॅम्युअल डेव्हिड यांनी १९८१ मध्ये उंदरांच्या मज्जारज्जूला पायाच्या नसेचा तुकडा जोडला, तर मध्यवर्ती तंतू त्यातून काही सेंटिमीटर वाढले. दोष तंतूंपेक्षा जागेचा होता.

ऑक्सफर्डच्या त्या हट्टी उंदरांत जुना तंतू वाटेतून हटत नाही, त्यामुळे त्यांच्या संवेदी नसा पुन्हा उगवायलाही उशीर लागतो, हे लवकरच लक्षात आलं होतं. म्हणून सार्म-१ थोपवणारी औषधं आली, तरी कापलेली नस जोडण्यासाठी ती घाईनं वापरू नयेत. त्यांची खरी जागा कर्करोगाच्या औषधांनी न तुटताच झिजणाऱ्या नसांत आहे.