विद्यार्थ्यांना आवडलं, पण शिकले का? मेडिकल कॉलेजमधला पीअर रिव्ह्यू

ज्यांना कानात इअरफोन घालायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचा हा लिखित अवतार. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेच गाळलेत, थोडे राहिले असतील तर चालवून घ्या.

आम्हा भायखळावाल्यांसाठी जे.जे. म्हणजे फ्लायओव्हर, बस स्टॉप आणि ओपीडीची रांग. पण जे.जे.सोबत 1845 पासून ग्रँट मेडिकल कॉलेजही आहे. राणीबागेतल्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड इथल्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी. त्या रांगेत आपल्याला तपासणारा पोरगेला डॉक्टर कसा शिकला, हा प्रश्न आपण कधी विचारत नाही. नवीन औषध बाजारात यायच्या आधी तपासतात हे माहीत असतं. शिकवायची नवीन पद्धत कोण तपासतं?

आणि पद्धती बदलतायत. 2019च्या बॅचपासून देशभर एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आला. नुसतं पाठांतर नको, अमुक गोष्ट करून दाखवता आली पाहिजे, असा त्याचा रोख. पेशंटशी कसं बोलायचं, नीतिमत्ता काय, यासाठी ‘एटकॉम’ नावाचं वेगळं मॉड्यूल आलं. मग शिक्षक प्रयोग करतात, त्यावर शोधनिबंध लिहितात, आणि तो छापायच्या आधी त्याच विषयातले दुसरे शिक्षक वाचून मत देतात. हाच पीअर रिव्ह्यू. मोबदला सहसा शून्य. ओपीडी, लेक्चर, परीक्षा सगळं उरकून रात्री करायचं काम.

माझी एक चुलतबहीण मेडिकल कॉलेजात शिकवते आणि असे रिव्ह्यू करते. मी तिला म्हटलं, ताई, एखादा खरा पेपर दाखव ना. ती म्हणाली, अजिबात नाही, छापून येईपर्यंत तो गोपनीय असतो. म्हणून आम्ही दोघांनी बसून एक काल्पनिक पेपर बनवला.

समजा, एका कॉलेजात 100 विद्यार्थ्यांना ईसीजी वाचायला मोबाईलवर व्हिडिओ दिले. आधी चाचणी घेतली, सरासरी 20 पैकी 8. व्हिडिओ पाहून लगेच पुन्हा चाचणी, सरासरी 15. शेवटी फॉर्म भरून घेतला, 90 टक्के म्हणाले ‘आवडलं’. निष्कर्ष: पद्धत प्रभावी आहे, सगळीकडे राबवा.

मला तर पेपर एकदम सॉलिड वाटला. ताईने पेन काढलं.

दोन्ही वेळा प्रश्न तेच होते का? असतील तर पोरांना ईसीजी आला की प्रश्न पाठ झाले? व्हिडिओऐवजी तेवढाच वेळ फळ्यावर शिकवलं असतं तर 15 आले नसते कशावरून? तुलनेला दुसरा गट कुठाय? तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी घेतली का? ‘90 टक्के’ म्हणजे कितीपैकी? फॉर्म 100 जणांना पाठवला आणि 40 जणांनीच भरला असेल, तर ‘आवडलं’ म्हणणारे 36 झाले. न भरणारे बहुधा कंटाळलेले.

आणि मग तिने विचारलं, संमती कोणी घेतली? मला हा प्रश्न सुचलाच नव्हता. इंटर्नल मार्क ज्यांच्या हातात, त्याच सरांनी ‘अभ्यासात भाग घेणार ना?’ विचारलं तर नाही कोण म्हणणार? म्हणून एथिक्स कमिटीची परवानगी होती का आणि संमती तिसऱ्या कोणी घेतली का, हे रिव्ह्यूअरने बघायचं असतं.

यामागे कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन माणसाची चार पायऱ्यांची शिडी आहे, मूळ कंपन्यांच्या ट्रेनिंगसाठी केलेली. लोकांना आवडलं का, ते शिकले का, काम करताना वागणं बदललं का, आणि शेवटी फायदा झाला का. आपल्या बाबतीत फायदा म्हणजे पेशंटचा. ताईच्या मते बरेच पेपर पहिल्या दोन पायऱ्यांवरच बसून राहतात. रांगेतल्या माणसाला खरा फरक पडतो तो तिसरीपासून पुढे.

आता, मी सॉफ्टवेअरवाला. मला हे कोड रिव्ह्यूसारखं वाटलं, पण एक मोठा फरक आहे. मी कोड चालवून बघू शकतो. रिव्ह्यूअरला बहुतेक वेळा कच्चा डेटा मिळतच नाही, तो लिहिलेल्यावर विश्वास ठेवून वाचतो. त्यामुळे बनवाबनवी पकडण्यात ही पद्धत कच्ची आहे. साध्या चुकाही निसटतात. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या लोकांनी एका पेपरमध्ये मुद्दाम 8 चुका पेरून तो 420 रिव्ह्यूअरना पाठवला होता. 1998 साली निकाल छापला: उत्तर देणाऱ्यांनी सरासरी 2च चुका दाखवल्या!

मग हवंच कशाला? कारण रिव्ह्यू नसतो तिथे काय होतं तेही पाहून झालंय. 2013 साली ‘सायन्स’साठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने धडधडीत चुकीचा पेपर 304 जर्नलना पाठवला. 157 जणांनी स्वीकारला. त्यातली भारतातली जर्नल्स बघा: 64 हो म्हणाली, फक्त 15 नाही. आपल्याकडे मेडिकलच्या शिक्षकांना बढतीला शोधनिबंध लागतात, त्यामुळे ‘पैसे भरा, आठवड्यात छापतो’ अशा दुकानांना गिऱ्हाईक आयतं मिळतं. मला यात शिक्षकांपेक्षा नियमाचा दोष जास्त दिसतो. पेशंट बघणाऱ्या माणसाला पेपरची संख्या विचारली की तो संख्याच देणार.

दुसरं टोकही जवळच आहे. भायखळ्याहून स्लो पकडा, चिंचपोकळी, करी रोड, परळ. तिथल्या जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएमचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ 1955 पासून निघतंय. धंदा म्हणून नव्हे, कॉलेजच्या स्टाफ सोसायटीतर्फे.

बऱ्याच ठिकाणी लेखक आणि रिव्ह्यूअर दोघांची नावं एकमेकांपासून लपवतात. मुंबईत याची गंमतच होते. ‘दक्षिण मुंबईतलं जुनं सरकारी मेडिकल कॉलेज’ असं लिहिलं की झालं, नाव ओळखायला कितीसा वेळ लागणार? ओळख पटली, लेखक मित्र किंवा स्पर्धक निघाला, तर संपादकाला कळवून बाजूला व्हायचं.

एपिसोडवर हमखास येणारा प्रश्न आधीच घेतो: पेपर चॅटजीपीटीला देऊन रिव्ह्यू लिहून घेतला तर? मेडिकल जर्नलच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने 2023 मध्ये स्पष्ट केलं, की गोपनीयतेची खात्री नसेल तिथे हस्तलिखित अपलोड करायचं नाही. ते दुसऱ्याचं, अजून न छापलेलं काम आहे.

आमच्या काल्पनिक पेपरचं काय झालं? ताईने ‘रिजेक्ट’ केला नाही, ‘मेजर रिव्हिजन’ दिलं. फळ्यावर शिकणारा दुसरा गट घ्या, प्रश्न बदला, तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी घ्या. मी म्हटलं, तेव्हा 15चे 10 झाले तर? ती म्हणाली, ‘मग 10 लिहायचे. मी तो पेपर आनंदाने पास करेन.’