मुंबईत दोन गाड्यांच्या मध्ये सात-आठ तास आहेत? असा करा वेळेचा हिशेब

धामणगाव रेल्वे : धामणगाव आणि यवतमाळ परिसरातून कोकण, गोवा, गुजरात किंवा परदेशात जाणाऱ्या अनेकांना मुंबईत गाडी बदलावी लागते. विदर्भ एक्स्प्रेस सकाळी मुंबईत सोडते आणि पुढची गाडी दुपारी किंवा रात्री असते. मधला वेळ अनेक जण फलाटावर बॅगा राखत काढतात. थोडे नियोजन केले तर याच वेळेत मुंबईचा एक भाग निवांत पाहता येतो. मात्र हिशेब चुकला, तर पुढच्या तिकिटाचे पैसे जातात.

हाती खरा वेळ किती?

समजा, गाडी सकाळी ७ ला येणार आणि पुढची दुपारी ३ ला सुटणार. कागदावर ८ तास दिसतात. त्यातून गाडीच्या उशिरासाठी १ तास, आंघोळ, नाश्ता आणि सामान ठेवण्यासाठी १ तास व पुढच्या गाडीआधी स्थानकावर पोहोचण्यासाठी १ तास वजा करा. फिरायला उरतात ५ तास. पुढची गाडी दुसऱ्या टर्मिनसवरून असेल, तर आणखी दीड तास कमी धरा.

पुढची गाडी नेमकी कुठून?

सर्वाधिक घोळ इथेच होतो. तिकिटावर फक्त ‘मुंबई’ पाहू नका, पूर्ण नाव वाचा.

• सीएसएमटी : उतरलात तिथूनच गाडी. सर्वात सोपे.
• लोकमान्य टिळक टर्मिनस : हे कुर्ला भागात आहे. सीएसएमटीहून हार्बर मार्गाच्या लोकलने टिळकनगरला उतरा.
• दादर : विदर्भ एक्स्प्रेस दादरला थांबत असल्याने तिथेच उतरणे सोयीचे.
• मुंबई सेंट्रल, वांद्रे टर्मिनस : गुजरात, राजस्थानकडील अनेक गाड्या इथून सुटतात. दोन्ही पश्चिम रेल्वेवर आहेत.
• विमान असल्यास : भूमिगत मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून सीएसएमटीहून मुंबई विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलपर्यंत जाते. नवी मुंबईतही आता विमानतळ झाले आहे. तिकिटावर कोणते आहे, ते तपासा.

सामान कुठे ठेवायचे?

स्थानकावरील क्लोक रूममध्ये. त्यासाठी प्रवासाचे वैध तिकीट लागते आणि प्रत्येक बॅगेला कुलूप असावे लागते. म्हणून घरून निघतानाच छोटी कुलुपे सोबत घ्या. पैसे, दागिने, औषधे आणि कागदपत्रे स्वतःजवळ ठेवा. पावतीचा मोबाइलवर फोटो काढा. सोबत वृद्ध किंवा लहान मुले असतील, तर कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर रिटायरिंग रूम आधीच बुक करता येते.

पाच तासांत काय पाहाल?

सीएसएमटी ते गेटवे हे अंतर सुमारे अडीच किलोमीटर आहे. या एकाच पट्ट्यात पायी फिरा.

• सीएसएमटीची इमारत : १८८८ मध्ये पूर्ण झाली. २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. समोरच महापालिका मुख्यालय.
• हुतात्मा चौक आणि हॉर्निमन सर्कल : सर्कलजवळ १८३३ चा टाऊन हॉल, म्हणजेच एशियाटिक ग्रंथालयाची इमारत.
• काळा घोडा : छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय सकाळी सव्वादहाला, तर जहांगीर कलादालन ११ ला उघडते. त्यामुळे रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारती आधी, संग्रहालय नंतर.
• गेटवे ऑफ इंडिया : १९२४ मध्ये पूर्ण झाले.

पाच तासांत घारापुरीची लेणी नकोत. बोटीलाच एका बाजूने सुमारे तासभर लागतो आणि सोमवारी लेणी बंद असतात. जुहूसारखी दूरची ठिकाणेही दुसऱ्या खेपेसाठी ठेवा. संध्याकाळी सीएसएमटीहून निघणाऱ्या लोकलना मोठी गर्दी असते. लोकमान्य टिळक टर्मिनसहून रात्रीची गाडी असेल, तर बॅगा घेऊन ५ च्या आत निघा.

पुढची गाडी चुकली तर?

दोन वेगळ्या तिकिटांचे पीएनआर एकमेकांशी जोडण्याची सोय रेल्वेने एप्रिल २०१९ पासून दिली आहे. दोन्ही तिकिटांवरील प्रवासी तेच असावे लागतात. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचा परतावा रद्द शुल्काशिवाय मिळू शकतो. खिडकीवरचे तिकीट पहिली गाडी प्रत्यक्ष पोहोचल्यापासून ३ तासांत परत करावे लागते. ई-तिकिटासाठी टीडीआर भरावा लागतो.

पण हे संरक्षण गाडीच्या उशिरापुरतेच आहे. गेटवेवर फोटो काढताना किंवा टॅक्सी वाहतुकीत अडकल्याने उशीर झाला, तर ते लागू होत नाही. म्हणून परतीच्या वेळेचा गजर मोबाइलमध्ये लावूनच स्थानकाबाहेर पडा.