लस पूर्ण होईपर्यंत थांबू नका

कुत्रं घरात वाढवताना : लेखांक ४

मागच्या आठवड्यात शी-शूची शिस्त आणि जेवणाच्या वेळा पाहिल्या. आजचा विषय त्याहून महत्त्वाचा आहे, तरी घरोघरी मागे पडतो : पिल्लाला आपल्या जगाची सवय लावणं. शी-शूची शिस्त सहाव्या महिन्यातही लागते. या सवयीला मात्र मुदत आहे, आणि बहुतेक घरांत ती उलटून गेल्यावर कामाला सुरुवात होते.

पिल्लाला साधारण तिसऱ्या आठवड्यात नीट ऐकू-दिसू लागतं. तिथपासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत त्याची उत्सुकता भीतीपेक्षा मोठी असते. या काळात जे वारंवार समोर आलं आणि त्रास न देता गेलं, ते त्याला कायमचं ओळखीचं होतं. पुढे हे उलटतं. नवं काही दिसलं की आधी भीती वाटते.

हे पक्कं कळलं ते अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी तिथे पाच जातींच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचा ग्रंथ १९६५ साली आला. तिथल्याच फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी १९६१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉकर स्पॅनियल आणि बीगल जातीची पिल्लं उंच कुंपणाच्या मोकळ्या आवारात आईसोबत वाढू दिली. माणसाचा संबंध येऊ नये म्हणून खाणं-पाणीही कुंपणातूनच आत दिलं जाई. मग वेगवेगळ्या वयाची पिल्लं आठवडाभरासाठी माणसांत आणली. पाचव्या-सातव्या आठवड्यात आलेली पिल्लं लवकर रुळली. चौदा आठवडे माणसाशिवाय राहिलेली मात्र जवळ येईनात. त्यांतल्या एकाला नंतर तीन महिने हाताने भरवलं, कुरवाळलं, तरी त्याच्यात फारसा फरक पडला नाही. आई होती, भावंडं होती, पोटभर खाणं होतं. माणसाचा सहवास तेवढा वेळेवर मिळाला नव्हता.

आता आपल्या घरातली अडचण पाहू. पहिली लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, असं करत मालिका सोळाव्या आठवड्याच्या आसपास संपते. इतके डोस लागतात, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला नीट काम करू देत नाही, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे पिल्लागणिक बदलतं. तोवर ‘बाहेर नेऊ नका’ असं डॉक्टर सांगतात, ते योग्य कारणानेच. पार्व्हो लहान पिल्लाचा जीव घेतो आणि त्याचा विषाणू आजारी कुत्र्याच्या शीतून मातीत उतरला की महिनोन्‌महिने टिकतो. पण आपण ‘बाहेर नेऊ नका’ याचा अर्थ ‘घरात कोंडून ठेवा’ असा घेतो. चार महिन्यांचं पिल्लू पहिल्यांदा जिना उतरतं, तेव्हा ती मुदत संपलेली असते. रिक्षाचा भोंगा, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत येणारे आजोबा, सगळंच त्याला परकं असतं. मग ते भुंकतं, अंगावर जातं आणि ‘चावरं’ ठरतं.

पशुवैद्यांच्याच एका संघटनेने, अमेरिकन व्हेटर्नरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेविअरने, २००८ साली यावर स्पष्ट भूमिका घेतली. पहिली लस होऊन आठवडा झाला की, सात-आठ आठवड्यांच्या पिल्लालाही स्वच्छ जागी, निरोगी आणि लस घेतलेल्या कुत्र्यांमध्ये न्यायला हरकत नाही, असं ते निवेदन सांगतं. तीन वर्षांखालच्या कुत्र्यांच्या मृत्यूचं पहिलं कारण संसर्गजन्य रोग नसून वागणुकीच्या तक्रारी आहेत, असंही त्यात म्हटलं आहे. आपल्याकडे अशी कुत्री दिवसभर गॅलरीत बांधली जातात, शेल्टरमध्ये सोडली जातात किंवा रात्री हायवेवर उतरवली जातात. म्हणून हा विषय मला एवढा जिव्हाळ्याचा वाटतो.

यातून मार्ग सोपा आहे : पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत, पण जग दाखवायचं. पिल्लाला कडेवर किंवा झोळीवजा पिशवीत घ्या आणि सोसायटीच्या फाटकाजवळ दहा मिनिटं बसा. दूधवाला, शाळेची बस, छत्र्या, रेनकोट, भाजीची हातगाडी, सगळं दुरून दिसू द्या. दुसऱ्या दिवशी लिफ्ट, तिसऱ्या दिवशी रिक्षाची छोटी फेरी. लस घेतलेलं, शांत स्वभावाचं कुत्रं ओळखीत असेल तर त्याच्या घरी घेऊन जा. भटकी कुत्री जिथे शी-शू करतात ती जागा मात्र कटाक्षाने टाळा, आणि काय करणार आहात ते आपल्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

नुसतं दाखवून भागत नाही, पिल्लाकडे बघावंही लागतं. समजा मोटरसायकल फुरफुरत गेली. पिल्लाने कान टवकारले, वळून पाहिलं आणि पुन्हा तुमच्या हातातल्या उकडलेल्या अंड्याकडे तोंड आणलं, तर सगळं ठीक आहे. त्याने झोप नसताना जांभई दिली, जीभ नाकावर फिरवली, मान फिरवली, शेपूट पोटाखाली घेतलं किंवा आवडता खाऊही नाकारला, तर ते घाबरलं आहे. अशा वेळी ‘होईल सवय’ म्हणून तिथेच धरून ठेवू नका, कारण त्याने भीतीचीच सवय होते. दहा पावलं मागे या. खाऊ पुन्हा तोंडात जाऊ लागला की अंतर बरोबर आहे असं समजा. जवळ घेतल्याने भीती वाढते, हा समज मनातून काढून टाका. घाबरलेल्या पिल्लाला खुशाल छातीशी धरा.

आवाजांसाठी गणपती-दिवाळीची वाट पाहू नका. ढोल-ताशा आणि फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात लावा. क्रम महत्त्वाचा : आधी आवाज, लगेच खाऊ. खाऊ आधी दिला, तर खाऊ दिसला की धडाका होतो असं ते शिकेल. पिल्लू बेफिकीर राहिलं, तरच काही दिवसांनी आवाज थोडा वाढवा. कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची बेल यांनाही हीच पद्धत लागू आहे.

पाहुण्यांची गोष्ट वेगळी. गोड पिल्लू या हातातून त्या हातात फिरतं आणि माणसांपासून सुटका नाही, एवढंच शिकतं. पाहुण्यांना खाली बसायला सांगा, पिल्लाला आपणहून येऊ द्या, ते दूर गेलं तर जाऊ द्या. घरातल्या मुलांना एक नियम पक्का हवा : ते खात असताना किंवा झोपलेलं असताना हात लावायचा नाही. मोठ्यांनी रोज क्षणभर पंजा धरावा, कान उघडून पाहावा, ओठ वर करून दात पाहावेत आणि लगेच खाऊ द्यावा. पुढे नखं कापताना आणि डॉक्टरांच्या टेबलावर याचा फार उपयोग होतो.

रस्त्यावरचं गावठी पिल्लू घरी आणलं असेल, तर गाड्यांचे आवाज त्याला जन्मापासून माहीत असतात. त्याला घराची सवय हवी : पंखा, गुळगुळीत लादी, बंद दार, घटकाभर एकटं राहणं. आणि वयात आलेलं कुत्रं दत्तक घेतलं असेल, तरी निराश होऊ नका. हीच पद्धत, अधिक अंतर आणि कितीतरी जास्त धीर. कदाचित ते गर्दीत कधीच खुलणार नाही. शांत गल्लीत, ओळखीच्या चार माणसांत ते सुखात राहू शकतं, आणि तेवढं त्याला पुरेसं आहे.

पिल्लू चौदा आठवड्यांच्या आतलं असेल, तर या आठवड्यात एवढं करा : रोज एक नवी जागा, एक नवा माणूस, एक नवा आवाज, आणि प्रत्येकासोबत खाऊ. झोपेत मात्र कपात नको. या वयात पिल्लू दिवसाचे अठरा तास सहज झोपतं. पुढच्या लेखात दुधाच्या दातांचा चावरेपणा आणि तोंड हलकं ठेवायला कसं शिकवायचं ते पाहू. ते काम महिनाभर चालतं, थोडं पुढे ढकललं तरी चालेल. आजच्या लेखातलं काम मात्र आजच संध्याकाळी सुरू करा.