मेल आला होता, दिसला नाही

पिंप्राळ्यात ई-मेल बघायला अजूनही बरेच लोक दुकानात जातात. फोन खिशात असतो, त्यात जीमेलही असते, पण ते उघडायची सवय नसते. दिवसभर व्हॉट्सॲपवर असणारा माणूस मेलमध्ये वर्षातून चार-पाच वेळा डोकावतो, आणि तेव्हा त्याला हजारो मेलमधला एकच हवा असतो. कुणाला हॉल तिकिटाचा, कुणाला प्रवेशाच्या फेरीचा, कुणाला पीएफच्या दाव्याचा, कुणाला आयकर खात्याचा. तो सापडला नाही की काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "भाऊ, मना मेल कथा गया?"

रेल्वे रुळांपलीकडचा हा जळगावचा भाग. आषाढी एकादशीला इथे विठ्ठलाचा रथ निघतो आणि त्याच सुमारास प्रवेशाचा हंगामही भरात आलेला असतो. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका दुकानात बसून मी हे काम जवळून पाहिले. दोन संगणक, एक प्रिंटर, लॅमिनेशनचे यंत्र, अंगठ्याचा ठसा घेणारे छोटे उपकरण आणि एक जाड वही. त्या वहीत गिऱ्हाइकाचे नाव, मेल आयडी आणि पासवर्ड. गिऱ्हाईक बहुधा आपला मेल आयडी सांगू शकत नाही. तो सांगतो, "बारावीच्या वेळी तुम्हीच काढून दिला होता."

मेल शोधायची दुकानदाराची रीत ठरलेली आहे. इनबॉक्सच्या यादीकडे तो बघतच नाही. तिथे न वाचलेल्या मेलचा आकडा चार अंकी असतो आणि वरचा पानभर मजकूर सवलती, कर्ज, ऑनलाइन कोर्स यांचा असतो. तो थेट शोधाच्या चौकटीत पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा एक तुकडा टाकतो. सापडले नाही तर स्पॅम. तिथे नसेल तर 'ऑल मेल'. तिथेही नसेल तर मात्र वेगळी शंका येते: फॉर्म भरताना मेल आयडीत एखादे अक्षर चुकले असेल, किंवा याच मुलाच्या नावावर दुसरा आयडीही असेल. हा क्रम त्याला कुठल्या वर्गात शिकवलेला नाही, कामातून बसलेला आहे. तो अचूकही आहे, कारण जीमेलचा साधा शोध स्पॅम आणि कचरापेटीत पाहत नाही. तिथे वेगळे जावे लागते, आणि उशीर करून चालत नाही. ३० दिवसांनी स्पॅममधला मेल आपोआप पुसला जातो.

न वाचलेल्या मेलचा हा डोंगर साचला कसा, हे समजायला थोडे मागे जावे लागते. १९९६ साली सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले. त्याच वर्षी मुंबईत अजित बालकृष्णन यांनी रेडिफची सुरुवात केली. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून मेल बघणाऱ्या पिढीचे पहिले पत्ते हॉटमेलचे, याहूचे नाहीतर रेडिफचे. तेव्हा हॉटमेलवर फुकट जागा मिळे २ एमबी. आज फोनवर काढलेला एक फोटोही त्यात मावणार नाही. त्यामुळे मेल वाचायचा, कामाचा असेल तर छापून घ्यायचा आणि पुसून टाकायचा, ही शिस्त आपोआप लागे. १ एप्रिल २००४ ला जीमेल आले ते थेट १ जीबी जागा घेऊन. त्यासोबत नवा विचार आला: पुसू नका, लावत बसू नका, हवे तेव्हा शोधा. ज्याला काय शोधायचे ते ठाऊक आहे त्याच्यासाठी हा विचार उत्तम. पण आपल्याला मेल आलाय हेच ज्याला ठाऊक नाही, तो शोधणार काय?

ही अडचण सगळ्याच कंपन्यांना जाणवली आणि प्रत्येकीने आपल्या परीने मेल निवडायचे काम यंत्राकडे दिले. सेवा-सेवांमधला खरा फरक इथे आहे. तो तपासायला मी चार ठिकाणी खाती उघडून रोजचा व्यवहार त्यांच्यावर करून पाहिला.

जीमेलने २०१३ मध्ये इनबॉक्सचे कप्पे केले: प्रायमरी, सोशल, प्रमोशन्स, अपडेट्स आणि फोरम्स. जाहिराती बाजूला जातात, डोळ्यांना बरे वाटते. पण परीक्षेचे, शिष्यवृत्तीचे, बँकेचे मेल यंत्राने लिहिलेले असतात, एकाच साच्याचे असतात, आणि पुष्कळदा अपडेट्समध्ये पडतात. हे कप्पे चालू असले की फोनवर सूचना वाजते ती मुळात फक्त प्रायमरीची. बाकी कप्पे मुके असतात. मेल वेळेवर आलेला असतो, स्पॅममध्येही गेलेला नसतो, तरी मुलाला कळत नाही, याचे बरेचदा एवढेच कारण असते.

आउटलुकने फार कप्पे केले नाहीत. 'फोकस्ड' आणि 'अदर' असे दोनच. चुकले तर शोधायची जागा एकच उरते, हा त्याचा गुण. त्याची मला सर्वांत उपयोगी वाटलेली सोय म्हणजे 'स्वीप'. एखाद्या दुकानाचे किंवा ॲपचे रोजचे मेल आले की स्वीप दाबायचे आणि सांगायचे: याचे सगळे काढ, किंवा फक्त शेवटचा ठेव, किंवा दहा दिवसांपेक्षा जुने काढत जा. पुढचे मेलही त्याच नियमाने हलतात. ज्याला नियम लिहायचे तंत्र येत नाही, त्यालाही हे जमते.

याहूमध्ये वर्गणीच्या मेलची वेगळी यादी मिळते. कोणकोण आपल्याला नेमाने मेल पाठवते ते एका पानावर दिसते आणि तिथूनच नाव काढून घेता येते. जीमेलने अशी यादी २०२५ मध्ये दिली. मात्र याहूने २०१३ मध्ये १ टीबी म्हणून मोठ्या तोऱ्यात दिलेली जागा २०२५ मध्ये २० जीबीवर आणली. आज ज्या जागेच्या भरवशावर आपण काही पुसत नाही, ती उद्या तेवढीच राहील असे धरू नये. जीमेलचे १५ जीबी तर मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहेत. लग्नाचे व्हिडिओ ड्राइव्हवर चढवले आणि जागा भरली, की नवा मेल यायचा थांबतो. मेल न येण्याचे हेही एक कारण असते, आणि त्याचा संशय सहसा कुणाला येत नाही.

चौथी सेवा झोहोची, तमिळनाडूतली. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची मेलव्यवस्था या कंपनीकडे गेल्यापासून तिचे नाव आपल्याकडे जास्त ऐकू येते. जाहिराती नाहीत, फोल्डर आहेत, रंगीत टॅग आहेत, नियमही बारकाईने लावता येतात. नेमाने बसून मेल हाताळणाऱ्याला ती आवडेल.

असा नेमाने हाताळणारा माणूस मला एमआयडीसीतल्या एका डाळ मिलच्या कार्यालयात भेटला. ते तिथले हिशेबनीस. तुरीचा, हरभऱ्याचा माल कुठून आला, बिल कुणाचे, गाडी कुठे पोहोचली, हे सगळे मेलवर चालते. त्यांनी आउटलुकमध्ये प्रत्येक पार्टीचे फोल्डर केले आहे आणि नियम लावला आहे: या पत्त्यावरून आलेला मेल या फोल्डरात. सकाळी ते फोल्डरांची यादी वरून खाली बघतात. ज्याच्यापुढे आकडा असेल तेवढेच उघडतात. संध्याकाळी इनबॉक्स रिकामा. जीमेलची लेबले त्यांना पटत नाहीत, कारण एकच मेल तीन लेबलांखाली दिसला की तो निकाली निघाला की नाही याचा गोंधळ होतो. त्यांच्या कामात कागद एका जागीच असायला हवा.

पिंप्राळ्याच्या दुकानदाराला उलट लेबलच सोयीचे. एकाच मुलाचा एकच मेल 'प्रवेश' खालीही हवा आणि 'जातीचा दाखला' खालीही हवा. लेबल मराठीत लिहिता येते, मराठीत शोधताही येते. म्हणजे कोणती सेवा चांगली याचे उत्तर काम बघूनच देता येते. रोज शंभर मेल हाताळणाऱ्याला फोल्डर आणि नियम लागतात. वर्षातून चार वेळा मेल उघडणाऱ्याला तो एक मेल हमखास डोळ्यांपुढे आणणारी व्यवस्था लागते, आणि अशी व्यवस्था कुठलीही सेवा आपणहून लावून देत नाही.

ती लावावी लागते, आणि दुकानदाराने ती लावायला सुरुवात केली आहे. नवा फॉर्म भरला की तो त्याच बैठकीत मुलाच्या जीमेलमध्ये फिल्टर करतो. पाठवणाऱ्या संस्थेचा पत्ता टाकायचा आणि चार खुणा करायच्या: स्पॅममध्ये कधीच टाकू नको, प्रायमरीत ठेव, तारा लाव, 'अर्ज' हे लेबल लाव. दोन मिनिटांचे काम आहे. फोनवरच्या जीमेल ॲपमध्ये फिल्टर करता येत नाही, त्याला संगणकावरचे पान लागते. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे, म्हणजे इथले जवळजवळ सगळे, त्यांना ही सोय असल्याचे कळणारच नाही. म्हणून दुकानातला तो संगणक मोलाचा आहे.

स्पॅमची बाजूही समजून घ्यायला हवी. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले. गूगलपुरते सांगायचे तर, दिवसाला ५,००० वर मेल पाठवणाऱ्याने आपली ओळख तांत्रिक पद्धतीने सिद्ध करायची आणि जाहिरातीच्या मेलमधून एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोय द्यायची. मोठ्या कंपन्यांनी हे लगेच केले, त्यांच्याकडे त्यासाठी माणसे आहेत. ओळख सिद्ध न करता पाठवलेल्या मेलकडे मात्र यंत्र संशयानेच पाहते, मग तो एखाद्या लहान संस्थेने खऱ्या कामासाठी पाठवलेला का असेना. अशा वेळी सवलतीची जाहिरात इनबॉक्समध्ये आणि कामाचे पत्र स्पॅममध्ये, असे उलटे चित्र दिसू शकते. महाविद्यालयांनी, पतसंस्थांनी आपली मेलव्यवस्था जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. चूक त्यांची राहते आणि भोगतो विद्यार्थी.

या सगळ्या सोयींहून मोठा प्रश्न त्या जाड वहीचा आहे. खाते उघडताना मुलाकडे फोन नसतो, घाई असते, रांग असते. मग पासवर्ड परत मिळवण्यासाठी जो मोबाइल नंबर द्यायचा, तो वडिलांचा, शेजाऱ्याचा नाहीतर दुकानाचा टाकला जातो. जन्मतारीख अंदाजे. चार वर्षांनी तो नंबर बंद झालेला असतो. पासवर्ड आठवत नाही, ओटीपी भलत्याच माणसाला जातो, आणि पदवीपासून पीएफपर्यंत सगळीकडे तोच मेल आयडी नोंदलेला असतो. खाते न उघडता तसेच पडून राहिले तर तेही जाते. गूगल दोन वर्षे न वापरलेली खाती बंद करू शकते, याहूची मुदत एकाच वर्षाची आहे. मेल आयडी आता माणसाचा कायमचा पत्ता झाला आहे. आयकर खाते विवरणाची छाननी करून १४३(१) कलमाखालची सूचना याच पत्त्यावर धाडते, आणि ती पीडीएफ उघडायला पॅन व जन्मतारीख लागते. घराच्या दाराची किल्ली आपण अनोळखी माणसाकडे ठेवत नाही. या दाराची मात्र ठेवतो.

म्हणून सेवा कोणती घ्यावी या वादात मी फार पडणार नाही. चारही सेवांमध्ये साधा माणूस आयुष्य काढू शकेल. ज्याला एकच खाते ठेवायचे आहे आणि फोनवरच बघायचे आहे त्याने जीमेल ठेवावे, पण कप्पे बंद करून. सेटिंगमध्ये जाऊन इनबॉक्सचे कप्पे काढून टाकले की सगळे मेल एका यादीत येतात. यादी लांबते, पण काही लपत नाही. जाहिरातींचा त्रास मग महिन्यातून एकदा वर्गण्यांच्या यादीत जाऊन कमी करता येतो. ज्याचा व्यवहार पार्ट्यांशी, बिलांशी आहे त्याने आउटलुक किंवा झोहो पाहावे. ज्याने जुना रेडिफचा किंवा याहूचा पत्ता सरकारी खात्यांना, बँकांना दिलेला आहे, त्याने तो तसाच सोडून देऊ नये. अधूनमधून उघडावा, किंवा सगळीकडे नवा पत्ता नोंदवून मगच सोडावा.

आणि दहावीच्या वर्गात हे शिकवले जावे. अर्ज कसा लिहायचा ते आपण मुलांना शाळेत शिकवतो. त्या अर्जाचे उत्तर कुठे येते, ते कुठे लपते, त्याची किल्ली कुणाकडे असावी, हेही त्याच तासाला सांगता येईल. एक संगणक, एक तास, प्रत्येक मुलाचे स्वतःच्या नावाचे खाते, त्यात स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या चालू नंबरची नोंद आणि एक फिल्टर. एवढे झाले तर पुढच्या जूनमध्ये पिंप्राळ्याच्या त्या काउंटरवरची रांग निम्मी होईल, असे त्या दुकानदाराचे म्हणणे आहे. त्याचा धंदा त्याने कमी होणार, हे त्याला ठाऊक आहे. तरी तो म्हणतो, शिकवा, कारण मुदत उलटून गेल्यावर आलेल्या मुलाला काय सांगायचे, हे त्याला आजवर सुचलेले नाही.