डेव्हचा सुशी बार आणि कर्जतची मासे थाळी

या वेळचा व्हिडिओ बघून काही जणांना वाटलं असेल, मॅडम धंद्याचं सोडून गेम काय खेळत बसल्या. खेळत बसले हे खरंच आहे. भाचा सुट्टीत आला होता, त्याच्या लॅपटॉपवर ‘डेव्ह द डायव्हर’ होता. अर्धा तास बघू म्हणून बसले आणि रात्रीचा दीड वाजला. पण तुमच्यापैकी जे कोणी कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसवाल्या रस्त्याला ‘घरगुती जेवण, मासे थाळी’ काढायच्या विचारात आहेत, त्यांनी गाळ्याचं डिपॉझिट देण्याआधी हे वाचाच.

गेम दक्षिण कोरियाचा, मिंटरॉकेट नावाच्या टीमने केलेला. २८ जून २०२३ ला तो पूर्ण स्वरूपात आला. डेव्ह हा जाडजूड, भोळा पाणबुड्या. दिवसा ‘ब्लू होल’मध्ये, म्हणजे समुद्रातल्या खोल विवरात, उडी मारायची, भाल्याने मासे मारायचे आणि संध्याकाळी तेच मासे सुशी बारमध्ये विकायचे. आचारी बांचो, चवीच्या बाबतीत एकदम कडक. आणि हे सगळं डेव्हच्या गळ्यात मारणारा मित्र म्हणजे कोब्रा. असा एक कोब्रा आपल्याही ओळखीत असतोच. “तू फक्त हो म्हण, बाकी मी बघतो.” तो बाकीचं कधीच बघत नाही.

आता खरी गोष्ट. बार उघडण्याआधी डेव्हला ठरवावं लागतं, आज कोणते पदार्थ आणि प्रत्येकी किती. जे करून ठेवलं आणि खपलं नाही, ते रात्री कचऱ्यात. पहिल्या दिवशी मी भरभरून मेनू लावला, कारण रिकामा मेनू बरा दिसत नाही! निम्मा माल गेला. भाचा हसला. मला हसू आलं नाही, कारण हेच मी रोज माझ्या काउंटरवरून बघते. माझं पार्सलच्या डब्यांचं, पत्रावळी-द्रोणांचं दुकान आहे. नवीन खानावळ निघाली की सगळ्यात आधी मला कळतं, आणि बंद पडली की उधारीच्या वहीतून कळतं.

हिशोब करून बघू. समजा सुरमई थाळी ३५० रुपयांना, कच्च्या मालाचा खर्च १८०. रविवार म्हणून तुम्ही ४० थाळ्यांची तयारी केली, खपल्या २६. गल्ल्यात आले ९,१००, माल लागला ७,२०० चा, हातात १,९००. त्यातून गॅस, बाईचा पगार, भाडं. त्याच दिवशी तयारी २८ ची असती, तर गिऱ्हाईक तेवढंच असूनही ४,०६० उरले असते. तयारीपेक्षा दोन माणसं जास्त आली असती तर त्यांना “ताई, सुरमई संपली” सांगावं लागलं असतं. सांगा की! ‘संपली’ हा शब्द तुमची बदनामी नाही, जाहिरात आहे.

पाण्याखाली डेव्हकडे वेगळी तब्येत वगैरे नसते, ऑक्सिजन हाच जीव. मासा चावला तरी ऑक्सिजनच कमी होतो. तो संपला, तर दिवसभर पकडलेल्यातली एकच वस्तू बरोबर नेता येते, बाकी सगळं खालीच राहतं. आपल्याकडे याला खेळतं भांडवल म्हणतात. बी.बी.ए. करताना यावर एक अख्खा धडा होता, पण खरं समजलं दुकानाच्या दुसऱ्या वर्षी, माल भरपूर आणि लाईट बिलाला पैसे नाहीत तेव्हा. बोर्डावर, फर्निचरवर, दोन दारी फ्रीजवर सगळा श्वास आधीच संपवून टाकला, तर पहिला पावसाळी मंगळवार सुद्धा जड जातो.

आणि कर्जतला तर पावसाळाच सगळ्यात अवघड. ऐका का ते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, ६१ दिवस. आपल्याकडे धबधब्यांची गर्दी नेमकी त्याच दोन महिन्यांत! म्हणजे गिऱ्हाईक दारात आणि समुद्र बंद. बर्फातला माल चढ्या भावाने घ्या आणि ‘ताजा’ म्हणून वाढा, असं कोणी सांगेल, ऐकू नका. पुढे नारळी पौर्णिमेच्या सुमारास मासा यायला लागतो, पण तेव्हा श्रावण. गावातली अर्धी घरं खात नाहीत. त्यात एखाद्या शनिवारी धबधब्यांवर बंदीचा आदेश निघाला की रस्ता ओस.

म्हणून मासे थाळीचा बोर्ड रंगवण्याआधी कॅलेंडर काढा. मे महिन्यात सुके बोंबील, सुकट, सोडे भरून ठेवले, तर जूनमध्ये सुकटीची चटणी आणि भाकरी विकता येते. मुंबईचा माणूस भिजून आलेला असतो, त्याला तेच हवं असतं. पहिल्या पावसात वलगणीचे मासे, शेतातले मुठे मिळतात, ते कमी मिळतात, म्हणून फळ्यावर खडूने लिहा, छापू नका. आदिवासी बायका बाजारात शेवळं, टाकळा, भारंगी घेऊन बसतात. शेवळं मात्र ज्याला करता येतात त्याच्याच हातून करून घ्या, नाहीतर गिऱ्हाइकाचा घसा खाजेल आणि परत येणार नाही. डेव्ह हेच करतो: आज जे हाती लागलं, त्यावर आजचा मेनू. आपण आधी मेनू कार्ड छापतो आणि मग मासा शोधत पनवेल-उरण फिरतो.

जागाही बघा. कर्जत स्टेशनवर घाट चढण्यासाठी गाड्यांना मागून जादा इंजिन लागतं, गाडी थांबते, आणि त्या थांब्यावर दिवाडकरांचा वडा प्रसिद्ध झाला. तेवढ्या मिनिटांत हातात देता येईल अशीच वस्तू. तिथे कोणी थाळी विकली नाही. खोपोलीजवळ महडच्या वरदविनायकाला चतुर्थीला गर्दी असते, पण त्या गर्दीला तुमची सुरमई नकोच आहे. गर्दी मोजू नका, त्यातलं तुमचं गिऱ्हाईक मोजा.

एक गंमत सांगायची राहिली. २०२३ च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये डेव्हला स्वतंत्र, छोट्या गेमच्या विभागात नामांकन मिळालं आणि वाद झाला, कारण मिंटरॉकेटच्या मागे नेक्सॉन ही मोठी कंपनी आहे. गेम छान आहे, प्रश्नच नाही. पण चौक फाट्यावरचा तो देखणा, छोटासा कॅफे बघून “त्याला जमलं तर मला का नाही” म्हणताना, त्याच्या पाठीवरची ऑक्सिजनची टाकी कोणाची आहे तेही विचारा.

मागच्या जूनमध्ये एक मुलगा दुकानात आला, नवीन खानावळ, डोळ्यात चमक. म्हणाला, “ताई, तीन खणांचे डबे हजार द्या, होलसेल भाव लावा.” मी विचारलं, रविवारी किती थाळ्या जातील? म्हणाला, बघू. मी त्याला पन्नास दिले, रोखीने. थोडा रागावून गेला. बुधवारी परत आला, आणखी तीस घेऊन गेला.