गुलमर्गला बर्फ पडला नाही आणि माधवनगरात थर्मल उरले

परवाच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच विचारलं : ताई, सीझनचा माल किती भरायचा? व्हिडिओत मी पाच मिनिटांत उत्तर देऊन मोकळी झाले, पण ते अर्धवट होतं. म्हणून हे सविस्तर. आणि सुरुवात गुलमर्गपासून करते. माधवनगरच्या दुकानाचा नि काश्मीरच्या बर्फाचा काय संबंध म्हणाल, तर माझे ३७,९२० रुपये त्या न पडलेल्या बर्फात अडकले होते.

आमचं दुकान बॅगा, रेनकोट, स्वेटरचं. आपल्या सांगली-मिरजेकडची कुटुंबं आता हिवाळ्यात काश्मीर, मनालीला जातात. जायच्या आधी आठवडाभर थर्मल, हातमोजे, कानटोप्या शोधत फिरतात. २०२२ च्या हिवाळ्यात माझे ९० सेट गेले. मग २०२३ च्या दिवाळीत मी लुधियानाहून १४० मागवले. खरेदी ४८०, विक्री ७५०. बीबीएला मालसाठ्याचं सूत्र शिकवलं होतं, पण त्यात मागणीचा आकडा आधीच दिलेला असायचा. दुकानात तो कोण देतो? डिसेंबरअखेर ६१ सेट विकले. उरलेले जानेवारीच्या ट्रिपवाले नेतील, असा माझा हिशोब.

आणि जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं राहिलं.

२१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस काश्मीरमध्ये 'चिल्ला-ए-कलां' म्हणतात, कडाक्याच्या थंडीचे. एरवी त्या दिवसांत गुलमर्गचं कुरण पांढरंशुभ्र असतं. त्या वर्षी तिथलं पिवळं गवत व्हॉट्सॲपवर फिरत होतं. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ तिकडे पाऊस आणि बर्फ आणतात. ते त्या महिन्यात जवळजवळ आलेच नाहीत. बर्फ आला तो जानेवारीच्या अगदी शेवटी आणि फेब्रुवारीत. २१ ते २५ फेब्रुवारीला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही तिथेच झाल्या. पण माझं गिऱ्हाईक तोवर ट्रिप रद्द करून घरी बसलं होतं.

इथे थोडं स्कीइंगबद्दल सांगते, कारण मला वाटायचं बर्फ म्हणजे बर्फ. तसं नाही. दोन-चार इंच पडला तर फोटो येतो, पण स्की चालत नाही. खालचे दगड लागतात, स्कीचा तळ फाटतो. थरावर थर बसून चांगला दाबलेला पाया लागतो. शिवाय गुलमर्ग म्हणजे दोन वेगळी दुकानं आहेत असं समजा. कुरण साधारण ८,७०० फुटांवर, तिथल्या सोप्या उतारावर नवशिके आणि आपल्यासारखे पर्यटक. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये झाला, दुसरा २००५ मध्ये. तो दुसरा टप्पा अफरवटवर सुमारे १३,००० फुटांपर्यंत नेतो, तिथे जगभरचे मुरलेले स्कीयर. वर बर्फ असून खाली गवत, असं होऊ शकतं. वर बर्फ आहे म्हणून कुरणावरच्या नवशिक्याचा उपयोग नाही. आणि एकदम खूप पडला तरी लगेच धावता येत नाही. नवा थर खाली नीट धरलेला नसतो, घसरतो. २२ फेब्रुवारी २०२४ ला गुलमर्गच्या वरच्या भागात हिमस्खलनात एक परदेशी स्कीयर गेला. म्हणजे 'बर्फ आहे का?' हा प्रश्नच अपुरा. किती, कुठे, कधी पडलेला, हे विचारायचं. मी दिवाळीत एजंटला एवढंच विचारलं होतं, 'सीझन कसा आहे?' तो म्हणाला, 'जोरात.'

मग ज्यांचा सगळा धंदाच बर्फावर आहे ते काय करतात? युरोप-अमेरिकेत बर्फाच्या तोफा असतात. पाण्याचे बारीक थेंब दाबाच्या हवेबरोबर उडवायचे, जमिनीवर येईतो गोठतात. कोरड्या हवेत हे जास्त जमतं, कारण थोडं पाणी उडून जाताना उरलेल्याला गार करतं. आपल्या माठाचंच तत्त्व. पण माठ सांगलीच्या मे महिन्यात चालतो. तोफेला थंडी शून्याच्या आसपास किंवा खाली लागतेच. स्वित्झर्लंडच्या डावोसमध्ये हिवाळ्यातला बर्फ लाकडाच्या भुशाखाली झाकून उन्हाळाभर ठेवतात आणि पुढच्या सीझनच्या सुरुवातीला पसरतात. आपल्याकडे बर्फाच्या लाद्या भुशात ठेवायचे, तसंच.

मला भावला तो मात्र पास. अमेरिकेतल्या व्हेल कंपनीने २००८ मध्ये ५७९ डॉलरचा सीझन पास काढला. बर्फ पडायच्या आधीच विकायचा, उशिरा घेईल त्याला महाग. गिऱ्हाईकाला स्वस्त पडतं, आणि कंपनीकडे आभाळाकडे न बघता पैसे येतात.

गुलमर्गचा गोंडोला उन्हाळ्यातही चालतो, त्यामुळे त्याला दुसरा आधार आहे. स्लेज ओढणाऱ्याला हिवाळ्यात तो नाही. मी हिशोब केला तेव्हा लक्षात आलं, मी स्लेजवाल्याच्या रांगेत उभी आहे.

त्या जानेवारीत एक बाई पाच सेट परत घेऊन आल्या. 'ताई, ट्रिपच रद्द झाली. आता सांगलीत हे घालून कुठं जाऊ?' मी पावतीवरची ओळ दाखवली, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. माझेच ७९ सेट पडून होते, मी घाबरलेली. त्या काही बोलल्या नाहीत. जूनमध्ये त्यांच्या मुलांच्या शाळेच्या बॅगा समोरच्या दुकानातून गेल्या. मी गल्ल्यावर बसून बघितलं.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. गेल्या सप्टेंबरपासून मी २०० रुपयांत थर्मलचं बुकिंग घेते, बुकिंगवाल्याला सेट ७५० ऐवजी ६५० ला. ट्रिप रद्द झाली तर २०० ची जमापावती, तिला मुदत नाही, छत्री घ्या नाहीतर दप्तर. ५२ बुकिंग आली. जुने ७९ होतेच, नवीन मागवले फक्त २०, तेही कमी पडलेल्या साइजचे. आज १४ उरलेत. जमापावत्या सहा गेल्या. दुसरं म्हणजे जाड जॅकेट आणि गमबूट विकायचा नादच सोडला. ते टंगमर्गला भाड्याने मिळतात, हे मी गिऱ्हाईकाला स्वतःहून सांगते. सासरे म्हणाले, 'आपणच गिऱ्हाईक पाठवायला लागलीस की.' पण ते ऐकून माणूस थर्मल आणि हातमोजे माझ्याकडूनच नेतो.

महाबळेश्वरचाही एक धडा मिळाला. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेकवर दव गोठल्याचा फोटो आला की त्या शनिवारी माझे हातमोजे खपतात. तो बर्फवृष्टीचा बर्फ नव्हे. निरभ्र रात्री जमीन आणि गवत वरच्या हवेपेक्षा जास्त गार पडतं आणि दव गोठतं. ऊन आलं की संपलं. त्या विक्रीवर मी माल भरत नाही, आहे तो पुढे मांडते.

२०२५ मध्येही गुलमर्गने दगा दिलाच. तिथल्या खेलो इंडिया स्पर्धा २२ फेब्रुवारीला सुरू व्हायच्या होत्या, बर्फ पुरेसा नव्हता म्हणून पुढे ढकलल्या. फेब्रुवारीअखेर बर्फ झाला आणि त्या ९ ते १२ मार्चला झाल्या. त्या ढकलल्याची बातमी आली त्या दिवशी दुकानात एक काका विचारत होते, 'मार्चमध्ये जावं का?' मी म्हटलं, 'काका, आधी हॉटेलवाल्याला फोन लावा. कुरणावर किती आहे ते विचारा, वरचं नको.' ते दोन सेट बघून गेले. घेतले नाहीत अजून.